चिलापीचा रोग आणि त्याची वंशावळ

ज्यांची उपजीविका पाण्यावर चालते, त्यांनी पाण्यातील जिवांचा इतिहासही जाणून घेतला पाहिजे. आपल्या भोई समाजातील कित्येक कुटुंबे आजही तलावांवर जाळे टाकून संसार चालवितात. म्हणून चिलापी मासळीच्या एका रोगाची हकीकत आम्ही येथे सादर करीत आहोत.

चिलापी मूळची आफ्रिकेची. 1952 साली ती सिलोनमधून भारतात आली. त्या समयी आपले उदगीर हैदराबाद राज्यात होते. पुढे नाईल नदीकडील दुसरी जातही आली. आज उजनीपासून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत चिलापी सर्वांच्या परिचयाची आहे.

2009 पासून इस्रायलच्या गालील सरोवरात व तेथील मत्स्यतळ्यांत ही मासळी मोठ्या संख्येने मरू लागली. त्यामागे तोवर अज्ञात असलेला एक विषाणू आहे, हे शास्त्रज्ञांनी 2014 साली प्रसिद्ध केले. पुढे तोच विषाणू इक्वेडोर, इजिप्त व थायलंड या देशांत आढळला. 2018 साली पश्चिम बंगाल व केरळ येथील त्याच्या प्रादुर्भावाची नोंद झाली.

गोड्या पाण्यातील मासा आपण होऊन समुद्र ओलांडीत नाही. त्यास ओलांडवितो तो मनुष्य. थायलंडमधील मत्स्यबीज केंद्रांच्या 2012 ते 2017 या काळातील नमुन्यांत हा विषाणू सापडला, आणि अशा केंद्रांतून 40 हून अधिक देशांना बीज गेलेले होते.

भाट ज्याप्रमाणे कुळाची वंशावळ सांगतो, त्याप्रमाणे विषाणूची आनुवंशिक रचना त्याचे मूळ सांगते. परंतु या विषाणूची रचना 10 तुकड्यांची आहे. एकाच माशात दोन शाखांचे विषाणू शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होते. मग एक तुकडा एक कूळ सांगतो व दुसरा निराळेच! यास्तव एकाच तुकड्यावरून प्रवासाचा मार्ग ठरविणे धोक्याचे असते. सर्व तुकडे तपासावे लागतात.

या रोगावर खात्रीचे औषध नाही. सावधगिरी हाच उपाय. बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे. एका तलावातील आजारी मासळी वा ओले जाळे दुसऱ्या तलावात नेऊ नये. मासे अकस्मात मरू लागल्यास मत्स्यव्यवसाय खात्यास तत्काळ कळवावे. तलाव एका कुटुंबाचा नसतो. त्यावर साऱ्या वस्तीची चूल पेटते, एवढे तरुण बांधवांनी ध्यानी धरावे, अशी आमची विनंती आहे.