बाहुलीचं घर बांधतं कोण?

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एक उंच कपाट आहे. बाहेरून कासवाच्या कवचाचं आणि धातूचं जडावकाम. दारं उघडली की आत मजल्यावर मजले, प्रत्येकात खोल्या. स्वयंपाकघर आहे, बाळंतिणीची खोली आहे, कपड्यांच्या घड्या ठेवायलाही वेगळी खोली आहे. पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या बाईंनी १६८६ ते १७१० या काळात हे करवून घेतलं. नवरा रेशमाचा व्यापारी, पैशाला तोटा नव्हता. या कपाटाची किंमत वीस ते तीस हजार गिल्डर सांगितली जायची. तेवढ्यात त्याच शहरात, कालव्याच्या काठी, माणसांना राहायचं घर आलं असतं.

वरच्या परिच्छेदातलं ‘करवून घेतलं’ हे क्रियापद लक्षात ठेवा. मराठीत बांधणं आणि बांधवून घेणं यांत फरक आहे, पण बोलताना आपण तो सहज गिळतो. शाहजहानने ताजमहाल बांधला, असंच म्हणतो ना? बाहुलीच्या घराचा पहिला साडेतीनशे वर्षांचा इतिहास जवळजवळ सगळाच या दुसऱ्या क्रियापदाचा आहे.

आणि ते खेळणंही नव्हतं. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने १५५७-५८ मध्ये चार मजली बाहुलीघर करवून घेतलं. मुलीसाठी म्हणून केलं असं सांगतात, पण ते जाऊन बसलं ड्यूकच्याच संग्रहात, इतर दुर्मीळ वस्तूंच्या रांगेत. ऊर्टमनबाईंच्या कपाटालाही मुलांनी हात लावावा अशी कुणाची अपेक्षा नव्हती. ते पाहुण्यांना दाखवायचं होतं. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटातला टी-सेट वर्षानुवर्षं कुणी वापरत नाही, त्यातलाच प्रकार.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये मात्र वेगळं चाललं होतं. तिथे ॲना क्योफर्लिन नावाच्या बाईंनी १६३१ मध्ये आपलं बाहुलीघर पैसे घेऊन लोकांना दाखवायला सुरुवात केली. सोबत छापील पत्रकही काढलं. त्याचा सूर असा की मुलांनो, नीट बघून घ्या, कुठली वस्तू कुठे असते ते शिका, म्हणजे पुढे स्वतःचा संसार नीट मांडता येईल. न्यूरेंबर्गच्या छोट्या स्वयंपाकघरांत तव्यापासून झाऱ्यापर्यंत सगळं आपापल्या खुंटीवर टांगलेलं असायचं. मुलगी खेळतेय असं दिसायचं, पण चालू असायची शिकवणी.

हे ऐकून भातुकली आठवली असेल तर बरोबर आहे. चूल, जातं, पाटा-वरवंटा, बंब. सगळा संसार पितळेत नाहीतर लाकडात. सावंतवाडीच्या चितारींनी रंगवलेली लाकडी खेळणी, लाकडाचीच ठकी. हेतूही तोच, मुलीच्या हाताला वळण लागावं. पण एक गोष्ट मला नेहमी चकित करते. आपल्या भातुकलीत भांडी होती, घर नव्हतं. भिंती, दारं, जिना यातलं काही नाही. घर म्हणजे ओसरीचा कोपरा, फार तर दोन खुर्च्यांवर टाकलेली आईची साडी. खेळ संपला की घर गायब. युरोपातल्या मुलीच्या हाती पूर्ण बांधलेलं घर यायचं, त्यात तिला एक भिंतही हलवता येत नव्हती. आपल्या मुलीला घर मिळायचंच नाही, म्हणून तिला ते रोज नव्याने मांडावं लागायचं. यातलं कुठलं बरं, हे मला खरंच ठरवता येत नाही.

करवून घेण्याच्या परंपरेचं टोक गाठलं गेलं १९२४ मध्ये. ब्रिटनच्या क्वीन मेरीला भेट म्हणून बाहुलीघर द्यायचं ठरलं. आर्किटेक्ट होते एडविन लुट्यन्स. हो, तेच, नवी दिल्लीवाले. रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयचा महाल, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, उभा राहत होता त्याच वर्षांत हा माणूस एका फुटाला एक इंच या मापाने दुसरा महाल आखत होता. त्यात लिफ्ट चालते, दिवे लागतात, नळाला पाणी येतं, फ्लशही होतो. तळघरात चिमुकल्या बाटल्यांत खरी वाइन. ग्रंथालयासाठी आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सची एक इटुकली कथा मुद्दाम लिहून दिली. सुमारे दीड हजार कलाकार-कारागीर यावर राबले. वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात लोकांनी ते पाहायला गर्दी केली. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे, आणि ते एकास बाराचं प्रमाण आजही या छंदातलं सर्वांत रुळलेलं माप आहे.

दीड हजार हात, आणि मालकीण एक. पण त्याच इंग्लंडमध्ये तोवर दुसरं क्रियापदही रुजलं होतं. नॉरफोकमधल्या डेअरहॅम गावातून ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिक १८९५ पासून निघत होतं. वर्गणीदाराला घरबसल्या लाकूड कापायला शिकवणारं. अंकासोबत नकाशाचा मोठा कागद यायचा. तो पातळ फळीवर चिकटवायचा आणि बारीक पात्याच्या करवतीने रेषेवरून कापत जायचं. करवत, पाती, फळ्या हे सगळं तीच कंपनी विकायची, पाय मारून चालवायचं यंत्रसुद्धा. त्या नकाशांत बाहुलीघरंही असत. कारकून, शिक्षक, गिरणीतला माणूस संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर करवत घेऊन बसला की मुलीचं घर तयार होऊ लागे. बाहुलीघराच्या गोष्टीत इथे पहिल्यांदा बाप हातात हत्यार घेऊन दिसतो.

मग ज्या बाईला सगळं करवून घेणं सहज परवडत होतं, तिने स्वतःचे हात का लावले? फ्रान्सेस ग्लेसनर ली, जन्म १८७८, शिकागोच्या गडगंज घरातली. भाऊ हार्वर्डला गेला, हिला कॉलेज नाही. वयाच्या साठीनंतर तिने १९४० च्या दशकात बाहुलीघरं करायला घेतली, तीही खुनाच्या जागांची. पोलिसांना पुरावा बघायला शिकवण्यासाठी. सुतारकामाला तिने सुतार ठेवला, पण बाहुल्या, त्यांचे कपडे, मृतदेहाच्या त्वचेचा बदललेला रंग हे तिचं स्वतःचं. बाहुलीचे मोजे ती टाचण्यांवर विणायची. छोट्या दृश्यात एक गोष्ट चुकीच्या जागी असली तर शिकणारा पोलीस चुकीच्या दिशेला जाणार, म्हणून हा हट्ट. न्यू हॅम्पशायरच्या राज्य पोलिसांनी तिला कॅप्टन केलं. तिची १८ दृश्यं बाल्टिमोरमध्ये नंतरही कित्येक दशकं प्रशिक्षणासाठी वापरली गेली. ‘मुलींनी घर नीट बघायला शिकावं’ ही न्यूरेंबर्गची शिकवणी अशा ठिकाणी येऊन पोचेल, हे क्योफर्लिनबाईंच्या स्वप्नातही आलं नसेल.

यानंतरचं काम प्लायवूडने केलं. लाकडाचे पातळ थर आडवे-उभे आलटून पालटून चिकटवले की फळी पातळ असूनही सहजी तडकत नाही. साच्याने शेकडो तुकडे एकसारखे कापता येतात. म्हणजे घर सपाट झालं, खोक्यात मावलं, पोस्टाने जाऊ लागलं. अमेरिकेत १९७० च्या दशकात या छंदाला भर आला; १९७२ मध्ये छंदिष्टांची राष्ट्रीय संघटनाही निघाली. आता लेझरने कापलेली किट्स फोनवरून मागवता येतात. खोकं उघडलं की वास येतो जळक्या लाकडाचा, कारण लेझर कडा जाळतच कापतो.

या खोक्याने उलथापालथ केली ती कामाच्या क्रमाची. खरं घर आधी बांधतात, मग रंगवतात. इथे उलटं. आधी सगळे तुकडे नुसते मास्किंग टेपने जोडून बघायचे, पेन्सिलीने मागे नंबर टाकायचे, पुन्हा सुटे करायचे. कडांवरचं काळं पॉलिश पेपरने काढायचं. मग प्रायमर, तोही दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला पाण्याचा रंग लावला तर तीन मिलिमीटरचं प्लाय पापडासारखं वाकतं. खोबणीत बसणाऱ्या जिभा कोऱ्या ठेवायच्या, कारण रंगाच्या दोन थरांनीसुद्धा त्या जाड होतात आणि खोबणीत शिरत नाहीत. शिवाय फेव्हिकॉल कोरं लाकूड धरतो तसा रंग धरत नाही. वॉलपेपर आणि दिव्याच्या तारा भिंत उभी राहण्याआधी, जिन्यामागची भिंत जिन्याआधी. एकदा छत बसलं की आतल्या कोपऱ्यात ब्रश वळत नाही.

हे सगळं लुट्यन्सच्या कारागिरांनाही माहीत असणार, पण क्वीन मेरीला माहीत असायचं कारण नव्हतं. किट लावणाऱ्याला मालकीण आणि मजूर दोन्ही व्हावं लागतं. आपल्या घरात कुठली भिंत कुणी उभारली, प्लास्टरच्या आत वायर कुठून गेलीय, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक नसतं. फ्लॅट तर बिल्डरकडून तयारच मिळतो, चावीसकट. आयुष्यात एकच घर असं असू शकतं की ज्याचा प्रत्येक सांधा आपल्याला माहीत आहे, आणि त्याची उंची फूटभर आहे.

तक्रार एकच. किट विकणाऱ्यांची कल्पना फार आळशी असते. तोच कॅफे, तेच फुलांचं दुकान, तोच व्हिक्टोरियन बंगला, आणि त्यात हटकून एक फायरप्लेस. पण सूचनापत्रकात छापलंय म्हणून ती बसवलीच पाहिजे असं नाही. तेवढ्याच जागेत देवघर बसतं. आइस्क्रीमच्या चार काड्या, समईला सोनेरी मणी, आणि वरच्या पट्टीला गडद तपकिरी रंगाचे दोन हात.