निशाण आणि निशाणा

नेमबाजी म्हटले की डोळ्यांपुढे निशाणा येतो. मोकळ्या रेंजवरचा नेमबाज मात्र आधी निशाणाकडे पाहतो. गोळीच्या वाटेलगत, १० आणि ३० मीटरवर, कापडाच्या छोट्या पट्ट्या वाऱ्यावर हलत असतात. त्या वाचता येणे ही या खेळाची बाराखडी आहे. म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण रायफलीवर नाही, वाऱ्यावर आहे.

१० मीटर एअर रायफलची स्पर्धा बंदिस्त सभागृहात होते. ५० मीटरच्या रेंजवर नेमबाज छपराखाली असला, तरी गोळी उघड्या आकाशाखालून जाते. पॉइंट टू टूच्या त्या गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा १०.४. स्पर्धेतली ही गोळी आवाजापेक्षा कमी वेगाने जाते. बाजूने आलेली मंद झुळूकही तिला काही मिलिमीटर सरकवते आणि हातचा दहा नऊवर येतो. अशा वेळी नेमबाज साइटचे क्लिक फिरवतो, किंवा चापावरचे बोट काढून वारा पुन्हा पहिल्यासारखा वाहू लागेपर्यंत थांबतो. घड्याळ चालू असताना असे थांबणे फार कठीण, आणि तेच शिकण्यासारखे आहे.

‘थ्री पोझिशन’मध्ये शरीराचीही परीक्षा होते. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून प्रत्येकी २० गोळ्या. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने अनुक्रमे १९८, १९७ आणि १९५ गुण मिळवले. जमिनीचा आधार कमी होतो तशी दहाची वाट अवघड होते, हे त्या १९५मध्ये दिसते. त्याच ५९० गुणांवर तो अंतिम फेरीत गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. त्याआधी २०१०मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून केलेल्या नेमबाजीत, ६०० पैकी ५९७ गुणांसह विश्वविजेतेपद मिळवले होते.

हे आकडे पाहून नवख्या वाचकाने बिचकू नये. इथे दांडगी ताकद लागत नाही. श्वास, नजर आणि सबुरी लागते, आणि तिन्ही सरावाने येतात. रायफल हाती घेण्याआधी एक सकाळ रेंजवर नेमबाजांच्या मागे नुसते बसा. निशाण हलले की कोण थांबते, ते पाहा. ती सकाळ पदरी असली की पुढची प्रकरणे सोपी वाटतील.