टीटीवाले, पुढे या

संध्याकाळचे सात वाजलेत. हिंदमाता ओलांडून तुम्ही दादरकडे सरकताय, सरकताय आणि थांबताय. गाडीत तुम्ही एकटेच. मागच्या सीटवर तिघांची जागा आहे, तिथे एक छत्री ऐसपैस पसरलीय. शेजारी बेस्टची बस उभी आहे. माणसं दांड्यांना लोंबकळताहेत, पण अडकलीय तीही तुमच्याइतकीच, आणि तुमच्यामुळेच. कंडक्टर ओरडतो, "टीटी, टीटी!" तुम्ही हजारदा ऐकलेला शब्द. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आज पहिल्यांदाच तुमच्या लक्षात येतं, आणि डांबराखालून कुठूनशी घंटा वाजते. टण्, टण्.

स्टिअरिंग हातातून जातं. बूड टेकतं ते लाकडी बाकावर.

३१ मार्च १९६४, मंगळवार, रात्रीचे दहा. तुम्ही बोरीबंदरला ट्राममध्ये आहात आणि ती दादरला निघालीय. शेवटची. उद्यापासून मुंबईत ट्राम नाही. आत मुंगीला शिरायला जागा नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत, वरात बघायला यावीत तशी; फक्त चेहरे वरातीचे नाहीत. घामाचा आणि कुणाच्या तरी गजऱ्याचा वास येतोय. एसीची सवय झालेली तुमची मान पहिल्या पाच मिनिटांत भिजते. खोटं कशाला बोला, आरामाचा प्रवास नाहीच हा.

शेजारचे म्हातारे काका बोलायला माणूसच शोधत असतात. ९ मे १८७४ ला घोडे जुंपून पहिली ट्राम निघाली, तेव्हा त्यांचे आजोबा कुलाब्याहून पायधुणीला तीन आण्यांत गेले होते म्हणे. म्हणजे नव्वदी भरायला ३९ दिवस उरले होते. "तेवढी तरी कळ काढायची!" पुढे घोडे गेले आणि १९०७ ला वीज आली. मग १९२६ च्या जुलैत बस आली, तेव्हा काका विशीत होते. म्युझियम ते दादर ट्रामला दीड आणा, बसला चार आणे. "बसमध्ये साहेबलोक बसायचे हो. आमच्यासारख्यांची ही."

तुम्ही गप्प. बस ही साहेबलोकांची होती, हे तुमच्या सोसायटीत कुणाला पटेल? मोठेपणाचं वाहन दर पिढीला बदलतं. तुमच्या पिढीत ते चार चाकांवर येऊन थांबलंय, आणि खरोखरच थांबलंय.

क्रॉफर्ड मार्केट जातं. ट्राम थांब्याला थांबते. थांबा रस्त्याच्या मधोमध, कारण रूळच मधोमध. माणसं रस्त्यात उतरतात आणि मागे एक फियाट अडते. हॉर्न. पुन्हा हॉर्न. खिडकीतून बाहेर आलेलं डोकं म्हणतं, "आजची रात्र फक्त! उद्यापासून रस्ता मोकळा." ट्राममधून हशा उठतो. तुम्हाला मात्र हसू येत नाही. तो मोकळा रस्ता तुम्ही बघून आला आहात. आत्ता तासभरापूर्वी तुम्ही त्यातच उभे होता.

सांगावं का त्याला? की बाबा, जागा अडवली म्हणून जिला हाकलताय तिच्या पोटात रस्ताभर माणसं आहेत, आणि तुझ्या फियाटमध्ये तू एकटा. रिकामी झालेली जागा रिकामी राहणार नाही. तुझ्यासारखे आणखी येतील, मग त्यांच्यासाठी याच रस्त्याच्या डोक्यावर पूल येतील, जे.जे.ला, लालबागला, आणि तरी माझी मागची सीट छत्रीलाच. पण फियाट ट्रामला वळसा घालून भुर्रकन पुढे निघून गेलेली असते. त्या रात्री ती खरंच पुढे जाते, हेही कबूल करायला हवं.

भायखळा. लालबाग. काका पुटपुटतात, "आमच्या मालकीची होती." खरंच होती. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने ट्रामची कंपनी ताब्यात घेतली. सतरा वर्षंही मालकी झाली नाही. परळ येतं तेव्हा काका तुमचा हात धरतात, उतरताना आधाराला की आणखी कशाला, कळत नाही. दादर. माणसं उतरतात, पण पांगत नाहीत. कुणी ट्रामच्या पत्र्यावर हात फिरवतं, गाय विकताना फिरवतात तसा.

तुम्हीही हात पुढे करता. हाताला स्टिअरिंग लागतं.

सिग्नल हिरवा झालाय, मागचे हॉर्न वाजवताहेत. बसचं दार उघडंच आहे, तुमच्यापासून चार हातांवर. आत दांडीपाशी एक माणूस मावेल. तिकीट किती, हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही. २०२५ पासून किमान भाडं दहा रुपये, एसी बसला बारा. तुम्ही इंडिकेटर देता, गाडी डावीकडे घेता आणि कडेला जागा शोधू लागता. इकडे दुचाकी, तिकडे टेम्पो, पुढे कुणाची तरी कव्हर घातलेली गाडी, महिनोन्‌महिने न हललेली.

"टीटीवाले, पुढे या!"

येतो हो. आधी ही ठेवू कुठे ते सांगा.