प्रा. स. पु. साठे : एका संविधान-अभ्यासकाची वाटचाल

भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. भोंगवलीसारख्या गावांतील संस्थानी प्रजेला त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, २६ जानेवारी १९५० रोजी, मूलभूत हक्क प्राप्त झाले. हे हक्क घटनादुरुस्तीने संकुचित करता येतात काय, हा पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. सत्यरंजन पुरुषोत्तम साठे यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता. प्रस्तुत निबंधात त्याच अंगाने त्यांच्या कार्याचा विचार केला आहे.

वादाचे मूळ जमिनीत होते. जमीनसुधारणा कायद्यांना संरक्षण देण्यासाठी १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने नववे परिशिष्ट जोडले गेले. पुढे १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात, सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने, सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्क कमी करण्यास मज्जाव केला. मूलभूत हक्क व घटनादुरुस्ती यांवरील साठे यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने लगेच पुढील वर्षी प्रसिद्ध केला. केशवानंद भारती निकाल (१९७३) यावयाचा होता. वाद निवळण्याची वाट न पाहता अभ्यासकाने लिहावे, याचे हे उदाहरण होय.

१९७६ मध्ये ते प्राचार्य झाले व १९९१ पर्यंत त्या पदावर राहिले. त्याच १९७६ साली, आणीबाणीत, जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. या घटनेचा अर्थ २००२ मधील न्यायालयीन सक्रियतेवरील ग्रंथात उलगडतो. आणीबाणीनंतर न्यायालय जनहित याचिकांकडे वळले, त्यामागे गमावलेली लोकमान्यता परत मिळविण्याची गरज होती, असे प्रतिपादन ते करतात. न्यायालयाचे सामर्थ्य केवळ कलमांत नसून लोकांच्या विश्वासात असते, हा विचार काटेकोर कायदेपंडिताकडून यावा, हे लक्षणीय आहे. मात्र सक्रियतेलाही मर्यादा असतात, याची जाणीव ग्रंथाच्या उपशीर्षकापासूनच दिसते.

हे महत्त्वाचे ग्रंथ इंग्रजीत असल्याने ग्रामीण महाविद्यालयांतील राज्यशास्त्राच्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना साठे क्वचितच भेटतात. ही उणीव आपणा अध्यापकांची आहे.

जाणून घेण्याच्या हक्कावर त्यांनी १९९१ मध्येच पुस्तक लिहिले होते. माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णतः अमलात आला. त्यावरील त्यांचा ग्रंथ २००६ मध्ये प्रकाशित झाला; त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.