सहाणेवरची वस : दक्षिणेतील बाळगुटी आणि तिच्या मर्यादा

हैदराबादच्या आग्नेय भागात विजयवाड्याकडे जाणाऱ्या महामार्गावर दिलसुखनगर वसले आहे. शिकवणी वर्ग, वसतिगृहे, साईबाबांचे मंदिर आणि २०१८ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो ही या वस्तीची ओळख. तेलंगण आणि आंध्रच्या गावोगावातून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. पहिले बाळंतपण झाले की गावाकडून आजी येते आणि तिच्या पिशवीत हमखास एक सुकी, गाठाळ, उग्र वासाची काडी असते. आणायला विसरली तरी अडत नाही. किराणा किंवा पूजासाहित्याच्या दुकानात ‘वस कोम्मु’ मागितले की ती मिळते. तेलुगू भाषकांची ही ‘वस’ म्हणजे मराठी घरांतील वेखंड.

दक्षिणेतील बालसंगोपनात या काडीएवढे मानाचे स्थान दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीला नाही. तमिळमध्ये ती वसंबु, मल्याळममध्ये वयम्बु, कन्नडमध्ये बजे आणि संस्कृतात वचा. तमिळनाडूत तिचे नाव संध्याकाळनंतर उच्चारू नये असा संकेत असल्याने ‘पेर् सोल्ला मरुंदु’, म्हणजे नाव न घेण्याचे औषध, असेही तिला म्हणतात. वचा या शब्दाचा वाचेशी असलेला संबंध लोकसमजुतीत पक्का रुजला आहे. वस चाटवली की मूल लवकर आणि स्पष्ट बोलू लागते, असे तेलुगू घरांत मानतात. अखंड बडबड करणाऱ्या मुलाला ‘वसपिट्ट’, म्हणजे वस खाल्लेला पक्षी, असे कौतुकाने म्हटले जाते.

गोव्याशी या वनस्पतीचे नाते जुने आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधीविषयक संवादग्रंथात वेखंडावर स्वतंत्र चर्चा केली असून निरनिराळ्या प्रांतांतील त्याची नावेही नोंदवली आहेत. पुढे सतराव्या शतकात डचांनी सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथातही ती मल्याळम नावानिशी आढळते.

एकट्या वेखंडाने मात्र गुटी होत नाही. तमिळ व मल्याळी घरांत ‘उरै मरुंदु’ किंवा ‘उरमरुन्नु’ नावाने जे ओळखले जाते, ते शब्दशः उगाळायचे औषध. त्यात वेखंडासोबत हिरडा, जायफळ, मायफळ, सुंठ आणि ज्येष्ठमध असते. तेलुगू आजी हिरड्याला करक्काय, जायफळाला जाजिकाय, मायफळाला माचिकाय आणि सुंठीला शोंठि म्हणते, वस्तू त्याच. महाराष्ट्र आणि गोव्यातील बाळगुटीत यांच्या जोडीला मुरुडशेंग, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, खारीक आणि बदाम येतात. घरागणिक यादी बदलते आणि प्रत्येक घराला आपलीच यादी खरी वाटते.

कृती सर्वत्र जवळपास सारखी. स्वच्छ सहाणेवर आईच्या दुधाचे किंवा उकळलेल्या पाण्याचे काही थेंब घ्यायचे, एकेक काडी वा फळ त्यावर फिरवायचे आणि जमलेला लेप बोटाने किंवा चमच्याने बाळाला चाटवायचा. मात्रा ठरते वळशांवर. जायफळाचा एक वळसा, हिरड्याचे दोन, मुरुडशेंगेचे तीन, असा हिशेब आजीच्या हातात असतो. बाळाला शौचास साफ होत नसेल तर हिरडा वाढवायचा, जुलाब होत असतील तर मायफळ, झोप येत नसेल तर जायफळ. तमिळनाडूत वेखंड आधी एरंडेल तेलाच्या दिव्यावर धरून काळे होईपर्यंत जाळतात आणि मगच उगाळतात. उष्णतेने त्यातील उडनशील तेलाचा काही भाग निघून जातो. आयुर्वेदातही वचा वापरण्यापूर्वी तिचे शोधन करण्यास सांगितले आहे. हे द्रव्य जसेच्या तसे घेण्याजोगे नाही, ही जाण परंपरेलाही होती असाच याचा अर्थ लावावा लागतो.

या गुटीतील काही घटकांचे काम समजण्यासारखे आहे. हिरडा सौम्य रेचक आहे. मायफळ हे फळ नसून कीटकदंशामुळे ओकच्या झाडावर येणारी गाठ आहे. तिच्यात टॅनिन भरपूर असल्याने ती स्तंभक ठरते. जायफळाने गुंगी येते, आणि मात्रा वाढली तर ती गुंगी विषबाधेची असते. अतिविषाला संस्कृत निघंटूंत ‘शिशुभैषज्या’ म्हणजे बालकांचे औषध असे नावच आहे. अतिविष, नागरमोथा, पिंपळी आणि काकडशिंगी मिळून होणारे बालचातुर्भद्र चूर्ण वैद्य आजही वापरतात. परंतु अतिविष हा जहाल बचनागाच्या कुळातला कंद आहे. हिमालयात तो दुर्मीळ होत चालला असून महागही झाला आहे. महाग वस्तूत भेसळ होते, आणि येथे ती कशाची होईल याची काळजी करणे भाग आहे.

शास्त्रग्रंथ काय म्हणतात, याविषयी बरेच गैरसमज आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऐंद्री, ब्राह्मी, शंखपुष्पी आणि वचा यांचा कल्क मध-तुपासह नवजाताला चाटवण्यास सांगितले आहे. मात्रा हरेणू, म्हणजे वाटाण्यासारख्या लहान दाण्याएवढी. बालरोगांना वाहिलेल्या काश्यपसंहितेत नवजाताची औषधमात्रा वावडिंगाच्या दाण्याएवढी ठरवली आहे. नेपाळमध्ये सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून ही संहिता विसाव्या शतकात छापली गेली. तिच्यातील लेहनाचे प्रकरण मुद्दाम वाचण्यासारखे आहे. कोणाला चाटण द्यावे, तर ज्याच्या आईला दूध नाही किंवा कमी आहे अशा बालकांना. कोणाला देऊ नये, याचीही तेथे लांबलचक यादी आहे. आईच्या दुधावर उत्तम वाढणाऱ्या प्रत्येक बाळाला रोज सकाळी सरसकट गुटी, हा प्रघात घराघरांत पडला. त्याचे सगळे श्रेय संहितेला देता येत नाही.

आधुनिक वैद्यकाचा पहिला आक्षेप दुधाशी संबंधित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पहिले सहा महिने केवळ स्तनपान. डॉक्टरांनी सांगितलेली औषधे, जीवनसत्त्वांचे थेंब आणि गरज पडल्यास जलसंजीवनी एवढाच अपवाद. पाणीसुद्धा नको. दिलसुखनगरपासून काही किलोमीटरवर तार्नाका येथे असलेली राष्ट्रीय पोषण संस्थाही हेच सांगते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील सहा महिन्यांखालील बालकांपैकी ६३.७ टक्केच निव्वळ स्तनपानावर असल्याचे आढळले. उरलेल्यांच्या पोटात पाणी, वरचे दूध, मध किंवा अन्य काही जाते. सहाण, बोट, पाणी आणि महिनोन्महिने डब्यात ठेवलेली तीच काडी, यांपैकी कशावरूनही जंतू बाळाच्या आतड्यात पोहोचू शकतात. चार थेंब गुटीने दूध कमी होत नाही हे खरे. जुलाबाला मात्र चार थेंब पुरतात.

दुसरा आक्षेप खुद्द वेखंडावर आहे. भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन या घटकाचे प्रमाण फार मोठे असते; युरोपीय जातीत ते कमी आणि अमेरिकन जातीत जवळपास नसतेच. जम्मूकडील वेखंडाचे तेल उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातल्यावर त्यांच्या आतड्यात कर्करोगाच्या गाठी झाल्याचे १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि १९६८ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. उंदरांवरून माणसाच्या बाळाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही आणि सहाणेवरचा एक वळसा म्हणजे तेलाचा डोस नव्हे, हा युक्तिवाद वैद्य करतात व तो अगदीच फेटाळण्याजोगा नाही. मात्र जास्त मात्रेत वेखंड दीर्घकाळ उलट्या घडवते, हे विषबाधा केंद्रांच्या नोंदींतून दिसते. आयुर्वेदालाही हे नवीन नाही. वचा वामक द्रव्यांतच मोडते. तीन किलोच्या जिवाला ‘जास्त’ म्हणजे किती, हे वळशांनी मोजता येत नाही. काडी किती ओली, सहाण किती खरखरीत, हात किती जड, यावर लेपाचे प्रमाण बदलते.

मधाबाबत वाद उरलेला नाही. मधात बॉट्युलिनम जंतूंची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती निरुपद्रवी ठरतात. एक वर्षाखालील बाळात मात्र ती रुजून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करू शकतात. म्हणून वर्षाच्या आत मध चाटवूच नये. जन्मल्याबरोबर सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवण्याची रीत मराठी घरांतही आहे; हौस भागवायची तर अंगठी बाळाच्या कपाळाला लावावी.

सर्वांत गंभीर प्रश्न विकतच्या तयार गोळ्या आणि पुड्यांचा. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने शिसे आढळलेल्या पारंपरिक औषधांच्या यादीत घासार्ड, बालगोली आणि कंदू ही भारतीय बालऔषधे नोंदवली आहेत. तिघांचाही वापर पोटाच्या तक्रारींसाठी होतो. शिसे मेंदूच्या वाढीवर घाला घालते आणि त्याचे लक्षण महिनोन्महिने दिसत नाही. हळकुंडाला पिवळी झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकारही दक्षिण आशियात उघडकीस आला आहे. तेव्हा ‘झाडपाल्याचे औषध अपाय करत नाही’ हे वाक्य वनस्पतीला लागू पडले तरी बाजाराला लागू पडत नाही. ‘बाळागोळी’ या नावाचा इतिहास तर याहून काळा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवीत, आणि तत्कालीन कामगार अहवालांत त्याची नोंद आहे. बाळ रडत नाही, म्हणजे औषध चांगले, ही समजूत तेव्हाही होती.

याच समजुतीमुळे गुटीला नको इतके यश मिळते. तान्ह्याचे संध्याकाळचे अखंड रडणे साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत कोणत्याही उपचाराविना ओसरते. दुसऱ्या महिन्यात सुरू केलेली गुटी चौथ्या महिन्यात ‘लागू पडते’ ती यामुळे. हाच लाभ इंग्रजी ग्राइप वॉटरलाही मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नॉटिंगहॅममध्ये जन्मलेल्या त्या औषधाच्या मूळ कृतीत चक्क मद्यार्क होता. तो पुढे काढला गेला. आजीच्या सहाणेला हसणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवलेले बरे.

पोटात न घेता केल्या जाणाऱ्या उपायांत सगळेच टाकाऊ नाही. पोट फुगल्यावर बेंबीभोवती हिंगाचा पातळ लेप लावणे (बेंबीची जखम भरल्यानंतर), हलक्या हाताने तेल चोळणे किंवा वेखंडाचे मणी मनगटात बांधणे यांत फारसा धोका नाही. मणी तोंडात जाऊन घशात अडकणार नाहीत एवढे पाहावे. मात्र आंघोळीनंतर सांबराणी वा ओवा-वेखंडाची धुरी देऊन खोली कोंदवणे कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. नाकात तेल किंवा तूप सोडणे तर थांबायलाच हवे. तेल श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया सहज बरा होत नाही.

आजी आणि डॉक्टर यांच्यात आईची ओढाताण होते, ती दिलसुखनगरच्या दोन खोल्यांत जशी तशीच म्हापशाच्या घरात. पहिले सहा महिने सहाण बाजूला ठेवावी. त्यानंतर गुटी द्यायचीच असेल तर आयुर्वेदीय बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, परवानाधारक उत्पादकाची द्यावी. कोणतीही गुटी दिली असेल तर डॉक्टरांना ते न लपवता सांगावे. रागावतील म्हणून लपवलेली वस उलट्यांचे निदान चुकवते. हिरवी उलटी, तीन महिन्यांखालील बाळाला ताप, दूध न ओढणे, न उठणारी झोप किंवा झटके ही लक्षणे दिसल्यास कोणतेही चाटण देत न बसता रुग्णालय गाठावे.

भाषेत मात्र गुटी खोलवर मुरली आहे. मराठीत लहानपणापासून अंगी बाणलेल्या गोष्टीला बाळकडू म्हणतात. तेलुगूत त्याच अर्थाने ‘उग्गुपालतो’ मिळालेली विद्या असे म्हणतात. उग्गु म्हणजे आईच्या दुधात एरंडेल कालवून तान्ह्याला दिली जाणारी मात्रा. ती पाजण्याचे तोटीचे भांडे म्हणजे उग्गुगिन्ने, तमिळ पालाडै आणि मराठी बोंडले. उग्गु मागे पडले, भांडे टिकले. कमी दिवसांच्या, स्तन ओढण्याइतके बळ नसलेल्या बाळांना आईचे काढलेले दूध पाजण्यासाठी भारतातील नवजात अतिदक्षता विभागांत हेच भांडे ‘पलाडै’ नावाने वापरले जाते. बाटलीपेक्षा ते स्वच्छ करणे सोपे जाते, आणि परिचारिका आईला ते धरायला शिकवतात.