न्यू यॉर्क शहर पाणलोट करार

न्यू यॉर्क शहर पाणलोट करार हा अमेरिकेतील न्यू यॉर्क शहर, न्यू यॉर्क राज्य, संघीय पर्यावरण संरक्षण संस्था, काही पर्यावरणवादी संघटना आणि शहराला पाणी पुरविणाऱ्या डोंगराळ भागातील स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यात जानेवारी 1997 मध्ये झालेला करार होय. पाणी उगमापाशीच स्वच्छ राखावे आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा शहराने उचलावा, हे त्याचे मुख्य सूत्र आहे.

पार्श्वभूमी

शहराच्या पाण्यापैकी सुमारे 90 टक्के पाणी हडसन नदीच्या पश्चिमेकडील कॅटस्किल व डेलावेअर प्रणालींच्या जलाशयांतून, बहुतांशी केवळ उताराने, येते. राज्याने 1905 मध्ये केलेल्या कायद्यामुळे शहराला या दूरच्या प्रदेशातील जमीन सक्तीने संपादित करता आली. अशोकन जलाशयासाठी सुमारे 2000 लोकांना घरे सोडावी लागली. दफनभूमींतील थडगीही उकरून अन्यत्र हलविण्यात आली. पुढे 1950 च्या दशकात पेपॅक्टन जलाशयात आणखी चार गावे बुडाली. भरपाईचे दावे वर्षानुवर्षे चालले. या आठवणी विसरल्या गेल्या नव्हत्या, आणि नंतरचा संघर्ष त्यांच्याशिवाय समजत नाही.

संघीय शासनाने 1989 मध्ये नद्या-जलाशयांतील पिण्याचे पाणी गाळून देणे बंधनकारक केले. पाणलोट क्षेत्र सुरक्षित असल्याचे सिद्ध करणाऱ्या पुरवठादारांना मात्र सूट मिळू शकत होती. गाळण केंद्राला अब्जावधी डॉलर लागणार असल्याने शहराने सूट मिळविण्याचा मार्ग निवडला आणि 1990 मध्ये शेती, सांडपाणी व बांधकामांवर कडक निर्बंध सुचविले. आधीच जमीन गमावलेल्या गावांना हे दुसरे आक्रमणच वाटले. 1991 मध्ये त्यांनी आपली आघाडी उभारली. राज्यपाल जॉर्ज पटाकी यांच्या मध्यस्थीने वाटाघाटी होऊन अखेर करार झाला.

तरतुदी

या करारान्वये शहराने जमीन केवळ स्वखुशीने विकणाऱ्याकडूनच, बाजारभावाने घ्यावयाची असते. खरेदीपूर्वी त्या गावाच्या प्रशासनाशी विचारविनिमय करावा लागतो. वस्तीलगतची ठरावीक जमीन खरेदीतून वगळण्याचा अधिकारही गावांना मिळाला. खरेदी केलेल्या जमिनीवरचा मालमत्ता कर शहर स्थानिक संस्थांना भरते. छोट्या गावांचे उत्पन्न प्रामुख्याने या करावर अवलंबून असल्याने ही तरतूद दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. नादुरुस्त सेप्टिक टाक्या, पावसाळी पाण्याचा निचरा आणि स्थानिक उद्योगांना कर्जे यांसाठी शहराच्या पैशातून कॅटस्किल वॉटरशेड कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याच्या संचालक मंडळात बहुमत स्थानिक प्रतिनिधींचे आहे.

ओढे व काठांचे पुनरुज्जीवन

पूर ओसरल्यावर यंत्रांनी ओढ्याचे पात्र सरळ व खोल करण्याची या भागात जुनी पद्धत होती. त्यामुळे प्रवाहाचा वेग वाढून काठ अधिकच ढासळत. तेथील बारीक चिकणमाती पाण्यात मिसळली की अशोकन जलाशय दिवसेंदिवस गढूळ राहतो. आता काउंटी पातळीवरील मृद व जलसंधारण संस्था शहराच्या निधीतून पात्राला त्याचे नैसर्गिक वळण परत देतात आणि काठांवर वाळुंजासारखी स्थानिक झाडे लावतात. झाडांच्या सावलीने पाणी थंड राहते, जे ट्राउट माशांना आवश्यक असते. दुग्धव्यवसायाच्या शेतांवर गुरांना ओढ्यापासून दूर ठेवणारी कुंपणे आणि शेणखत साठविण्याच्या सोयीही केल्या जातात. शेतकऱ्यांचा सहभाग ऐच्छिक असूनही बहुतेक मोठी शेते योजनेत आली.

परिणाम व वाद

करारानंतर शहराने दीड लाख एकरांहून अधिक जमीन विकत घेऊन किंवा तिच्या विकासाचे हक्क घेऊन संरक्षित केली. अधिक नागरीकरण झालेल्या क्रोटन प्रणालीला मात्र सूट मिळाली नाही. तिच्यासाठी ब्रॉन्क्समध्ये बांधलेले गाळण केंद्र 2015 मध्ये सुरू झाले आणि त्याचा खर्च तीन अब्ज डॉलरांच्या पुढे गेला. कॅटस्किल व डेलावेअरच्या पाण्यावर आजही क्लोरीन व अतिनील किरणांची प्रक्रिया होते, पण ते गाळले जात नाही.

गावांची तक्रार मात्र कायम आहे. अरुंद दऱ्यांत घरे बांधण्याजोगी सपाट जमीन मुळातच थोडी, आणि तीही बरीचशी पूररेषेत आहे. 2011 च्या आयरीन वादळातील पुरानंतर तेथील घरे विकत घेऊन रहिवाशांना सुरक्षित जागी हलविण्याच्या कामालाही शहर निधी देऊ लागले. परंतु हलविलेल्या वस्तीसाठी पूररेषेबाहेर जागा कोठून आणावयाची, यावर शहर आणि गावे यांच्यात वाटाघाटी होत राहतात. शहराला मिळालेली सूट मुदतीची असून 2017 मध्ये तिला दहा वर्षांसाठी सशर्त नवी मान्यता मिळाली.