भुताळीला नाव असतं

दिवाळी अंकांसाठी मी भयकथा लिहितो. हे सगळं सुचतं कुठून, असं कोणी विचारलं की मी गावाचं नाव सांगतो. कासा, तालुका डहाणू. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाक्याला उतरून जव्हारच्या रस्त्याला लागायचं. वडील शाळामास्तर, बदलीवर इथे आले आणि इथलेच झाले.

माझ्या लहानपणी विजेचा भरवसा नव्हता. शेजारच्या वारली काकीच्या ओसरीवर आम्ही सातआठ पोरं जमायचो. गोष्ट रंगात आली की काकी कंदिलाची वात बारीक करायची. शेवट झाला की वात वर करून म्हणायची, "झाली गोष्ट. जा आता." हे "झाली" ऐकल्याशिवाय उठायचं नाही, असा तिचा दंडक होता. अर्धी गोष्ट घेऊन कोणी घरी गेलेलं तिला चालत नसे.

तिच्या गोष्टींत चेडा नावाचं भूत असायचं, पण त्याहून जास्त वाघ. वाघोबा आमच्याकडे रानाच्या कडेला बसतो. कधी नुसता दगड, कधी उभी लाकडी फळी. फळीवर वाघ कोरलेला, वर सूर्य आणि चंद्र, आणि वर्षानुवर्षांच्या शेंदराने सगळ्या कडा बुजलेल्या. बोट फिरवलं तर आधी वाघाची शेपटी हाताला लागते, तोंड सापडायला वेळ लागतो. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून अशी दीडशेच्या आसपास ठाणी अभ्यासकांनी नोंदली. तो अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. पट्टेरी वाघ इथून केव्हाच गेला, बिबट्या उरला, तरी वाघबारस पाळली जाते. भीतीशी बोलणी करता येतात, तिला तिचा वाटा देऊन तिच्या शेजारी राहता येतं, हे मी या फळीपाशी शिकलो. माझ्या कथांतली भुतं कधी मंत्राने पळत नाहीत, त्याचं कारण हेच असावं.

मग वाचनालयातून नारायण धारप आले, रत्नाकर मतकरी आले. धारपांचं अमंगळ बाहेरून, जुन्या वाड्यांतून चालत यायचं. मतकरींचं घरातल्याच माणसाच्या डोळ्यांतून बघायचं. दोघांचंही ऋण मोठं. पण कागदावरच्या भीतीलाही शेवटी तोंडच लागतं. राही अनिल बर्वे यांना 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची एक कथा सांगितली. पंचवीस वर्षांनी, 2018 साली, त्यातून 'तुंबाड' हा चित्रपट झाला. कोणीतरी अंधारात बसून सांगितली म्हणून ती इतकी वर्षं टिकली, असं मला मनापासून वाटतं.

काकी एक गोष्ट मात्र कधी सांगत नसे. भुताळीची. आम्ही फार हट्ट केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चेड्याला नाव नसतं. भुताळीला असतं." अर्थ कळायला वर्षं गेली. कोणाचं मूल तापाने गेलं, कोणाची गाय आटली की भगताकडे कौल लावायचा आणि पाड्यातल्याच एखाद्या बाईकडे, बहुतेक वेळा एकट्या राहिलेल्या विधवेकडे, भुताळी म्हणून बोट दाखवायचं. मग मारहाण, वाळीत टाकणं, कधी जीवच घेणं. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा राज्यात 2013 साली आला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. काकीने तो कायदा आपल्या ओसरीपुरता आधीच केला होता.

तिची आणखी एक गोष्ट होती. तीत ना वाघ, ना चेडा. लग्नाच्या मांडवात एक माणूस येतो, नवऱ्याच्या हातावर पैसे ठेवतो आणि सकाळी नवरानवरीला घेऊन जातो. ती दोघं जन्मभर त्याच्या शेतात राबतात, म्हातारी होतात, पण पैसे फिटत नाहीत. त्याला पाय उलटे नाहीत, सावली आहे, तरी आम्हाला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच. विसाव्या वर्षी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हाती आलं आणि अंगावर काटा आला. त्यात काकीचा माणूस होता. आणि लग्नासाठी कर्ज घेऊन त्याच्याकडे बांधला गेलेला नवरा, तो लग्नगडी. वेठ, फटके, बायकांवरचे अत्याचार, सगळं इथलंच, याच तलासरी-डहाणूतलं. 23 मे 1945 रोजी झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणून उठले. काकीने आम्हाला भुताची गोष्ट सांगितलीच नव्हती. तिच्या आईबापाचं लग्न सांगितलं होतं.

नोव्हेंबर 2018 पासून आमची जमीन हलू लागली. धुंदलवाडीच्या बाजूला जास्त, पण हादरे इथेही. आधी खालून गडगड ऐकू यायची, मग मांडणीवरची भांडी वाजायची. त्या थंडीत माणसं घराबाहेर, ताडपत्रीखाली झोपली. तिथे पुन्हा गोष्टी सुरू झालेल्या मी ऐकल्या, आणि पोरं त्या ऐकत झोपी गेलेली पाहिली.

आणि 16 एप्रिल 2020 ची रात्र. टाळेबंदीत चोर फिरतात, पोरं पळवतात, अशा आवया पाड्यापाड्यांतून फिरत होत्या. त्या रात्री कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या गडचिंचलेला जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारलं. त्यानंतर कितीतरी महिने माझ्याने एक ओळ लिहवली नाही. आवईतही अंधार असतो, अनोळखी पाऊल असतं, माझ्या कथेतलं सगळं साहित्य असतं. पण तिला कोणी सांगणारा नसतो, वात वर करून "झाली" म्हणणारं कोणी नसतं, आणि रस्त्यावर येईल त्या माणसाचा चेहरा ती घेते. आता नवी कथा लिहिताना मी आधी तपासतो, हिच्यामुळे कोणा जिवंत माणसाकडे बोट जाईल का. शंका आली तर कागद फाडतो.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो काकीनेच केला. त्या मांडवातल्या माणसावर मी कथा लिहिली होती. छापून आल्यावर तिच्या ओसरीवर बसून वाचून दाखवली. तोवर घरात दिवे आले होते. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"सावकाराचं नाव कुठाय?"

"काकी, तूच म्हणायचीस ना, नाव घ्यायचं नाही..."

"तो चेडा नव्हता," ती म्हणाली. मग तिने नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, त्याचं खळं कुठे होतं तेही सांगितलं. मी वही काढली आणि ती सांगेल तसं लिहून घेत गेलो.